उंबराची साक्ष

पिकायला आलेलं उंबर मधोमध फोडा. आत लालसर गर, त्याला दाटीवाटीने चिकटलेले बारीक दाणे आणि त्या दाण्यांतून वळवळत बाहेर येणारे चिलटांएवढे काळपट किडे. आपल्याकडे त्यांना केंबरं म्हणतात. उंबर खाणारे बहुतेक जण ती झटकून टाकतात, फुंकर मारतात, नाहीतर सरळ डोळे मिटून खातात. पण या केंबरांची जन्मकथा कुणी नीट सांगितली, तर पक्क्या नास्तिकाच्याही तोंडून 'अरे देवा' निघावं अशी ती आहे.

उंबर दिसायला फळ, पण खरं तर तो आतल्या आत मिटलेला फुलोरा आहे. शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं भिंतीला आतून लागलेली असतात. आत शिरायला टोकावरचं एक छिद्र, तेही खवल्यांनी गच्च बंद. सुमारे दोन मिलिमीटर लांबीची एक गांधील (हो, ही गांधीलमाशीच्याच गोतातली) वासावरून हे उंबर हुडकते आणि खवल्यांमधून अंग ओढत आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात, मिशाही मोडतात. परत फिरायचा प्रश्नच उरत नाही. छातीवरच्या खास खिशांतून आणलेले परागकण ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्या आपापल्या दाण्यात कोंडलेल्या असतानाच हे त्यांच्याशी समागम करतात, मग उंबराची भिंत कुरतडून भोक पाडतात आणि संपतात. तोवर आतली नरफुलं उमलून तयार असतात. माद्या पराग खिशांत भरून घेतात आणि नरांनी पाडलेल्या भोकातून उडून जातात. त्यांच्या हाती असतात एक-दोन दिवस. तेवढ्यात योग्य वयाचं दुसरं उंबर सापडलं तर वंश पुढे चालतो.

या गांधिलीवाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून गांधिलीला घर नाही. मग आधी कोण? दोघांची गाठ कुणी घालून दिली? नरसोबाच्या वाडीला औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाला याचं उत्तर शोधावं लागत नाही. गुरुचरित्रात तर औदुंबराच्या माहात्म्याचा अख्खा अध्याय आहे. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची आग झाली ती या फळांनी शमवली, अशी त्यातली कथा. एवढी नेटकी व्यवस्था आपोआप कशी होईल, हा त्या माणसाचा प्रश्न भाबडा म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जगातल्या फार बुद्धिमान माणसांनी तो विचारलेला आहे.

तरीही माझं मत असं की ईश्वराच्या अस्तित्वाच्या खटल्यात उंबराला साक्षीला बोलावू नये. बाजू मांडणाऱ्यांनी तर मुळीच बोलावू नये. हा साक्षीदार सगळं खरं सांगतो, आणि ते सगळं ऐकायची तयारी सहसा कुणाची नसते.

सृष्टीवरून स्रष्ट्याकडे जाण्याचा हा रस्ता इंग्रजांनी आपल्याला दाखवला असा एक समज आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये घड्याळाचा दाखला दिला: माळरानावर घड्याळ सापडलं तर ते बनवणारा कुणीतरी असणारच, मग डोळा बनवणारा का नसावा? पण त्याच्या आठशे वर्षं आधी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी घटाचा दाखला घेऊन हेच मांडलं होतं. घडा हे कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू आहे, म्हणून त्याला कुंभार आहे. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीही कार्यंच, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे, आणि एवढ्या कार्याचा कर्ता सर्वज्ञच असणार. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कावर उभ्या असलेल्या आपल्या तत्त्वज्ञानाच्या शाखेने, हे अनुमान इतक्या ताकदीने लढवलं की उदयनांबद्दल एक आख्यायिकाच तयार झाली. ते जगन्नाथपुरीला गेले तर देवळाची दारं बंद. तेव्हा त्यांनी जगन्नाथालाच सुनावलं: ऐश्वर्याच्या मदात तू आज माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध समोर उभे राहतात तेव्हा तुझं अस्तित्व माझ्या हातात असतं. आख्यायिका खरी असो-नसो, भक्ताचा असा ताठा मला फार आवडतो.

ते बौद्ध काय म्हणत होते? सातव्या शतकातल्या धर्मकीर्तींचं उत्तर एका वारुळात मावतं. घडा मातीचा आणि तो कुंभार करतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वारूळही मातीचंच. मग तेही कुंभाराने केलं म्हणायचं का? दोन वस्तूंना एकच नाव लावता आलं म्हणून त्यांचं कारण एक ठरत नाही. कुंभाराला मडकी घडवताना पाहिलं, म्हणून मडक्यावरून कुंभार ओळखता येतो. पर्वत घडवताना कुणाला पाहिलं? जैनांनी दुसऱ्या बाजूने घेरलं: स्रष्ट्याला सृष्टी करायची गरज का पडली? गरज होती तर तो अपूर्ण, गरज नव्हती तर हा खटाटोप कशासाठी? मीमांसक वेदांना प्रमाण मानत, यज्ञ करत, आणि जगाचा निर्माता मात्र त्यांना मान्य नव्हता. म्हणजे 'आपली परंपरा ईश्वरवादी आणि शंका घेणं पाश्चात्त्य' ही वाटणी निदान या प्रश्नात टिकत नाही.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा साक्षीदार कडवा वैष्णव आहे. रामानुजाचार्य. नारायणावरच्या त्यांच्या भक्तीबद्दल कुणाला शंका नाही. पण ब्रह्मसूत्रांवरच्या श्रीभाष्यात, अगदी सुरुवातीच्या सूत्रांपाशीच, त्यांनी नैयायिकांच्या या अनुमानाचे वाभाडे काढले आहेत. घड्यावरून कर्ता ठरवायचा तर तो घडा करणाऱ्यासारखाच ठरेल, म्हणजे देह असलेला, थोडंफार जाणणारा. मोठमोठे वाडे-गोपुरं अनेक कारागीर मिळून बांधतात, मग जगाचे कर्तेही अनेक का नसावेत? सगळं जग एकाच वेळी, एकानेच केलं हे कशावरून? अनुमानाने फार तर असा एखादा तुटपुंजा कारागीर हाती लागेल, ब्रह्म लागणार नाही. म्हणून ब्रह्माला शास्त्र हेच प्रमाण, असा त्यांचा निष्कर्ष. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या १७७९ मध्ये आलेल्या संवादांत जवळजवळ हेच आक्षेप भेटतात, फक्त तिथे ते संशयवाद्याच्या तोंडी आहेत. इथे ते एका आचार्याच्या तोंडी आहेत आणि त्यांनी ते देवाच्या बाजूने मांडले आहेत. झाडाचं पानसुद्धा त्याच्या सत्तेवाचून हलत नाही असं भक्त म्हणतो, ते पान हलताना पाहून काढलेलं अनुमान नसतं, हे रामानुजांना नेमकं कळलेलं होतं.

तर्काचा हा भाग बाराव्या शतकापर्यंतच बराचसा निकालात निघाला होता. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. कर्ता नसेल तर ही नेटकी व्यवस्था आली कुठून, याचं दुसरं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते १८५९ मध्ये आलं, डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतातून. डार्विन तरुणपणी केंब्रिजमध्ये पेली वाचून भारावला होता. पुढे त्याने पेलीचीच उदाहरणं घेतली आणि त्यांचा अर्थ उलटा लावला.

'हे सगळं योगायोगाने झालं म्हणता का?' असा प्रश्न उत्क्रांती म्हटली की हमखास येतो. नाही, तसं कुणीच म्हणत नाही. फरक योगायोगाने पडतात, त्यांची निवड योगायोगाने होत नाही. जो फरक जगायला आणि पिल्लं वाढवायला उपयोगी पडतो तो पुढच्या पिढीत जास्त जणांत दिसतो. हे लाखो वर्षं चालतं. उंबराचंच घ्या. तुती आणि फणस ही उंबराचीच भावंडं, एकाच कुळातली. तुतीचे पराग वारा नेतो, तिला गांधिलीची गरजच नाही. याच कुळात डॉर्स्टेनिया म्हणून एक वनस्पती आहे. तिची फुलं एका चपट्या, उघड्या चकतीवर मांडलेली असतात. ती चकती कडेने वळवून वर मिटवली, तर जवळपास उंबर होईल. डॉर्स्टेनिया उंबराची आजी नव्हे, दूरची चुलत आहे. पण उघडा फुलोरा आणि बंद फुलोरा यांच्या मधल्या पायऱ्यांवर झाडं सुखाने जगू शकतात, एवढं ती दाखवते. वड-पिंपळ-उंबरांच्या साडेसातशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या काहींच्या गांधिली पराग मुद्दाम गोळा करतच नाहीत, अंगाला लागतील तेवढेच नेतात. काहींच्या गांधिलींना खिसे आहेत. इंग्लंडच्या दक्षिणेला आईल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथे सापडलेल्या गांधिलींच्या जीवाश्मांना ते खिसे आहेत आणि ते जीवाश्म ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. 'आधी कोण' या प्रश्नाला म्हणूनच एका वाक्याचं उत्तर नाही. दोघं एकमेकांना घडवत आले.

'हे होताना कुणी पाहिलं?' हा दुसरा प्रश्न. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हाच मुद्दा मांडला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, तो शाळा-कॉलेजात शिकवणं बदललं पाहिजे, असा त्यांचा सूर होता. ते स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. वैज्ञानिकांनी लगेच निषेध केला, बातम्या झाल्या. गंमत अशी की ज्या हंगामात हे भाषण झालं त्याच हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात उत्क्रांती शेतातून चालत गेली होती. २०१७ ची गुलाबी बोंडअळी.

बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं, त्यामुळे झाडातच अळीला मारक प्रथिन तयार होतं. कोट्यवधी अळ्यांत एखादीच अशी असते की जिला ते विष चालत नाही. बाकी सगळ्या मेल्या की शेत तिचं आणि तिच्या पिल्लांचं. हे टाळायचा उपायही उत्क्रांतीच्याच गणितातून निघाला होता. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट मिळायचं. ते कडेने पेरायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, टिकाव धरणाऱ्या अळ्यांचे पतंग त्यांच्याशी जुगतील आणि प्रतिकारशक्ती पातळ होत जाईल. कीड वाढवायला रान कोण सोडणार? पुष्कळांनी ते पाकीट पेरलंच नाही, आणि त्याचं कारण समजावून सांगायलाही फारसं कुणी बांधावर गेलं नाही. २०१७ च्या हिवाळ्यात बोंडं फोडली तर आत सरकी पोखरलेली, कापूस डागाळलेला, आणि गुलाबी अळी आरामात बसलेली. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले. पंधरा वर्षांत एका किड्याची जात बदललेली शेतकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, नुकसानभरपाईचे अर्ज भरले. आणि तिथून काही तासांच्या अंतरावर मंत्री म्हणत होते, कुणी पाहिलं?

पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग गाळला. कारण दिलं अभ्यासाचा भार हलका करण्याचं. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि इतरांनी सही करून विरोध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा आयटीआयला जाणाऱ्या मुलांचा आणि उत्क्रांतीचा संबंध तिथेच तुटला. यात कपाशीच्या शेतात परत जाणारी मुलंही आली. निसर्गावरून देव सिद्ध करायची सवय मला एरवी निरुपद्रवी वाटली असती. पण देवाचं आसन एकदा निसर्गाच्या कोड्यांवर मांडलं की कोडं सोडवणारा प्रत्येक जण देवाच्या आसनाला हात घालतोय असं वाटू लागतं, आणि मग पुस्तकातली पानं कमी होतात.

आता साक्षीदाराचा उरलेला जबाब. त्याच उंबरावर बाहेरून येऊन बसणारी आणखी एक गांधील असते. ती आत शिरत नाही, परागही आणत नाही. केसासारखी बारीक नळी ती उंबराच्या भिंतीतून आत घुसवते आणि आतल्या दुसऱ्या गांधिलींच्या पिल्लांपाशी अंडी घालते, म्हणजे तिच्या अळ्यांना त्या पिल्लांवर पोसता येतं. त्या नळीच्या टोकाला दाते असतात आणि दात्यांमध्ये जस्त असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. जस्ताने टणक केलेलं गिरमिट! कारागिरी म्हणून पाहिलं तर परागाच्या खिशांपेक्षा ही काकणभर सरसच. खिसे देवाने दिले म्हणायचं तर गिरमिट कुणी दिलं?

अशाच दुसऱ्या एका कुळातल्या गांधिलींनी डार्विनची झोप उडवली होती. त्या जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खातात. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम योजलं असेल हे माझ्या मनाला पटत नाही, असं त्याने १८६० मध्ये एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि डार्विनचा खंदा समर्थकही, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

पण अळीचं दुःख आपल्याला लांबचं वाटतं. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर नारूचं घ्यावं. पन्नाशी-साठीच्या पुढच्या पुष्कळांनी तो पाहिलेला आहे, निदान ऐकलेला आहे. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाण्यात उतरून घागरी भरत. त्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसेल असा एक जीव असतो, सायक्लॉप्स. त्याच्या पोटात नारूची अळी. पाण्याबरोबर तो गिळला की सायक्लॉप्स पचतो, अळी पचत नाही. ती आतडं भेदून शरीरात वाढत राहते आणि माणसाला वर्षभर पत्ताच नसतो. मग साठ-सत्तर सेंटिमीटर, कधी जवळजवळ मीटरभर झालेली मादी चालत चालत पायापर्यंत येते, कातडीवर फोड उठतो आणि पाय पेटल्यासारखी आग होते. आग शमवायला माणूस काय करणार? पाय पाण्यात घालणार. फोड फुटतो, मादी पाण्यात लाखो अळ्या सोडते, आणि तीच विहीर पुन्हा गावाला पाजते. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटं ओढायचं, तुटू द्यायचं नाही, कारण तुटला तर आत सडतो. पेरणीच्या, सुगीच्या ऐन दिवसांत माणूस महिना-महिना खाटेवर.

या साखळीतला प्रत्येक दुवा उंबराइतकाच चपखल आहे. आग व्हावी, माणसाने पाण्याकडेच जावं, पाण्यात सायक्लॉप्स असावा. उंबर पाहून ज्याला रचनाकाराची सही दिसते त्याला ती इथेही दिसलीच पाहिजे, कारण अक्षर एकच आहे. प्रामाणिकपणा असा अर्धवट चालत नाही.

याला परंपरेत उत्तरं आहेत आणि ती उथळ नाहीत. जगात विषमता आणि क्रौर्य दिसतं म्हणून ब्रह्मावर पक्षपाताचा दोष येत नाही, कारण ते जिवांच्या कर्मानुसार घडतं, असं ब्रह्मसूत्रच सांगतं. त्याच्या अलीकडच्याच सूत्रात लीलेचा विचार आहे. पण ही उत्तरं आधीच असलेल्या श्रद्धेतून येतात, उंबरातून किंवा नारूतून ती वाचता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर नारू झालेल्या सहा वर्षांच्या पोराला पूर्वकर्माचा हिशेब समजावणारा माणूस मला नारूहून फारसा बरा वाटत नाही.

भारतात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा बदलल्या, हातपंप बसवले, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायला शिकवलं, पाण्यात औषध टाकलं. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. सृष्टीतली एक अतिशय कुशल रचना आपण ठरवून नाहीशी केली. रचनाकाराचा अवमान झाला असं कुणालाच वाटलं नाही, अगदी धर्मशील माणसांनाही नाही. आपण प्रत्यक्षात कसं वागतो ते पाहिलं, तर निसर्गाला देवाचा शब्द मानणारा माणूस विरळाच.

जिवांवरचा युक्तिवाद डळमळला की हल्ली वाद आकाशात जातो. विश्वाचे मूलभूत आकडे इतके अचूक जुळलेले का? या प्रश्नाला मी जास्त मान देतो. मराठी वाचकाला फ्रेड हॉईल माहीत आहे तो जयंत नारळीकरांचा गुरू म्हणून. याच हॉईलने १९५३ मध्ये असं सांगितलं की ताऱ्यांच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं एकत्र येऊन कार्बन पुरेसा बनायचा असेल, तर कार्बनच्या केंद्रकाला एका ठरावीक उर्जेची उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत तपासलं, तर ती सापडली, ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. ती नसती तर कार्बन जवळजवळ नसता, आपण नसतो. हॉईल काही देवभोळा नव्हता, पण पुढे १९८१ मध्ये त्यानेही लिहिलं की कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी खेळ केलाय असं वाटावं अशी ही वस्तुस्थिती आहे.

यावर 'आकडे असे नसते तर विचारायला आपण नसतो' हे ठरलेलं उत्तर मला पुरं पडत नाही. असंख्य विश्वं आहेत आणि त्यांतलं हे एक, हे उत्तर आज तरी तपासता येत नाही, म्हणजे तेही श्रद्धेच्याच शेजारी राहतं. अडचण वेगळी आहे. एखादी गोष्ट दुर्मीळ म्हणायला तशा पुष्कळ गोष्टी पाहिलेल्या असाव्या लागतात. विश्व आपण एकच पाहिलंय. आकडे दुसरे असू शकले असते की नाही हेच ठाऊक नसताना ते किती नशिबाने जुळले याचं गणित मांडायचं कशावर? धर्मकीर्तींचं वारूळ इथेही आडवं येतं. आणि समजा मानलं, कुणीतरी आकडे जुळवले. त्या कुणालातरी एकादशीचा उपास पोचतो का, नवस कळतो का, अन्याय सलतो का? कार्बनच्या केंद्रकातून यातलं काहीच निघत नाही. रामानुजांनी म्हटलेला तुटपुंजा कारागीर तेवढा मिळतो.

मला खरी अडचण वाटते ती जोतीराव फुल्यांची. कारण त्यांचा 'निर्मिक' मला हवाहवासा वाटतो. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं. वेद-पुराणं देवाची म्हणणाऱ्यांना त्यांनी साफ नाकारलं आणि त्यांच्या जागी सृष्टी ठेवली: सूर्य-तारे-पृथ्वी, प्राणी, माणसं हे सगळं एका निर्मिकाने केलं, स्त्री-पुरुष सगळ्यांना त्याने जन्मतः स्वतंत्र केलं, मग कुणी कुणाचा भूदेव कशाने? फुल्यांनी माणसाच्या हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन वाचला होता. सृष्टी हाच देवाचा खरा शब्द, असं पेनही म्हणत असे. या युक्तिवादाने महाराष्ट्रात पुरोहिताशिवाय लग्नं लागली, माणसं ताठ उभी राहिली. त्याला चुकीचा म्हणायला जीभ रेटत नाही.

पण हीच सृष्टी समोरच्या पक्षाकडेही होती. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून पायापर्यंत चारी वर्णांची मांडणी आहे, आणि 'चातुर्वर्ण्यं मया सृष्टम्' हे गीतेतलं वचन सनातन्यांच्या जिभेवर होतं. तेही निर्मात्याकडेच बोट दाखवत होते. घड्याळवाल्या पेलीने कष्टकऱ्यांनी आहे त्यात समाधान मानावं असं सांगणारी पुस्तिकाही लिहिली होती. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान निर्माण झाली आणि निर्मात्याने त्यांना हक्क दिले असं म्हटलंय. तो लिहिणारा जेफरसन शेकडो गुलाम बाळगून होता. गुलामगिरी गेली ती माणसांनी यादवी युद्ध लढून, १८६५ मध्ये. फुल्यांना हे चांगलं माहीत होतं. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. समतेचं पुस्तक अर्पण करायची वेळ आली तेव्हा त्यांना आठवली ती माणसं.

पुढे हा प्रश्न आपल्या देशात अक्षरशः मताला टाकला गेला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा होती. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. असला विषय मताला टाकू नये, अशी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांची इच्छा होती. हृदयनाथ कुंझरूंनी आक्षेप घेतला, आणि त्यांच्या विरोधात नास्तिकपणा नव्हता. प्रत्येकाच्या श्रद्धेचा हा विषय सगळ्यांवर लादला जातोय, हे त्यांचं दुखणं होतं. कामत मागे हटले नाहीत. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात हात वर करणाऱ्यांतले कितीतरी घरी रोज पूजा करणारे असणार. 'आम्ही, भारताचे लोक' ही सुरुवात तशीच राहिली, आणि सभा पुढच्या दुरुस्तीकडे वळली.